इंदूताई नव्हे, इंदू

चारू,

तू गेल्यानंतर तुझी कादंबरी मी बदलली. हे वाक्य आरंभीच लिहितो. पुढे कधीतरी लिहीन असे ठरवले असते, तर लेख संपला असता आणि ते राहून गेले असते.

संपादकांनी तुझ्यावर लिहिण्यास सांगितले तेव्हा मी प्रथम नकार दिला. तुझे शिक्षण, अकोल्याच्या महाविद्यालयातील तुझे अध्यापन, तुझी आधीची पुस्तके यांविषयी इतरांनी लिहिले आहे, आणि ते बहुतांशी बरोबर आहे. त्यात मला भर घालायची नाही. मला तुला काही सांगायचे आहे, आणि ते समोर बसून सांगण्याची वेळ मी घालवली. म्हणून कागद घेतला.

बाबांच्या छापखान्यापासून सुरुवात करावी लागेल. अमरावतीचा तो छापखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली दोन यंत्रे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रके. परंतु मुद्रिते तपासण्याच्या बाबतीत बाबांना धर्मग्रंथ आणि लग्नपत्रिका सारखीच. मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसऱ्याने छापलेल्या कागदावर शब्दाखाली बोट ठेवून चालायचे. वाचणाऱ्याने त्या बोटाकडे लक्ष ठेवून आपला वेग राखायचा. फरक दिसला की बोटवाल्याने ‘थांब’ म्हणायचे. वाचणारी तू, बोट माझे. मी मॅट्रिक झालो होतो, तू परकर-पोलक्यात होतीस. ‘पूर्ण’ हा शब्द तू इतक्या ठसक्यात उच्चारायचीस की बाबा आतून ओरडत, “चारे, पूर्णविराम आहे तो, तोफ नाही!”

पुढे छापखाना विकला गेला. मी भूजल खात्यात गेलो. पूर्णेच्या दोन्ही तीरांना जो खारपाणपट्टा आहे, जेथे विहीर खणली की मिठाचे पाणी लागते, त्या पट्ट्यातील विहिरी तपासण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्त झालो तेव्हा निरोपसमारंभात साहेब म्हणाले, आपले ज्ञान पुढील पिढीच्या उपयोगी पडेल. त्यानंतर मला कोणी काहीही विचारले नाही. मुले पुण्याला. तुझी वहिनी विचारी, भाजी काय आणता.

तू विचारलेस. एका रविवारी सकाळी तुझा अकोल्याहून फोन आला.

“दादा, एक कादंबरी लिहून राहिली. जग संपल्यावरची.”

“कसे संपले?”

“ते मले इचारू नका. संपलं, बस. आता पाणी कुठे लागते ते सांगा.”

त्या रविवारांबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आता मानतो. कितीतरी वर्षांत प्रथमच कोणीतरी पेन घेऊन माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

वाचकांसाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. वीज गेलेली आहे. शहरे ओस आहेत. ज्याच्या ताब्यात टँकर तो राजा. अशा काळात दोन स्त्रिया अकोल्याहून सातपुड्याकडे पायी निघतात. इंदू परिचारिका आहे, जना हातपंप दुरुस्त करणारी. मेळघाटच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा एक बंद पडलेला साठा आहे आणि त्याची वाट एकट्या जनाला ठाऊक आहे. मागे टँकरवाल्याची माणसे लागली आहेत. मध्ये सारा खारपाणपट्टा.

मी मनापासून काम केले, हे तू मान्य करशील. काळ्या मातीच्या भेगांत उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंत पाय जातो, अंधारात त्यांना शेतातून धावू देऊ नकोस, असे मी सांगितले. तू त्यांना गाडरस्त्यावर आणलेस. अंजनगाव सुर्जीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगात तू त्यांना रात्रभर लपवले होतेस. मी म्हणालो, सरकीचा ढीग आतून तापतो, माणूस शिजून निघेल. तू त्यांना तासाभरात बाहेर काढलेस, त्यामुळेच त्या सापडल्या, आणि ते प्रकरण पुस्तकातील सर्वांत उत्तम झाले. मोर्शीकडच्या वाळलेल्या संत्र्यांच्या बागांत टँकरवाल्याचा माणूस झाडामागून झाडामागे सरकत येतो, तेथे माझा हात थांबला होता. मी कादंबऱ्या वाचणारा माणूस नव्हे. ते पान मी दोनदा वाचले.

आणि त्या दोघींचे एकमेकींवर प्रेम होते. हे आज जितक्या सरळपणे लिहितो तितक्या सरळपणे तुझ्याशी कधी बोललो नाही. तू फोनवर वाचून दाखवायचीस, नंतर प्रकरणाची प्रत पाठवायचीस. मी ती पेन्सिलीने तपासून परत करायचो. पाणी, माती, वारा, अंतर, दिशा, सर्वत्र माझ्या खुणा असत. त्या दोघी जेथे एकमेकींजवळ बसत ती पाने मी उलटत असे.

“दादा,” तू एकदा म्हणालीस, “त्या पानाईवर तुमची पेन्सिल चालतच नाही. टोक तुटते का?”

“तेथे तपासण्यासारखे काही नाही.”

“एखादी तं चूक काढा हो. तेवढ्यासाठी तरी वाचान.”

मी विषय बदलला. पूर्णेच्या पात्रातील वाळू उन्हाळ्यात किती खोल असते, यावर आलो.

वर्षानुवर्षे आपला वाद एकच होता. मी म्हणायचो, त्यांना बहिणी कर. कथानकाचे काही बिघडत नाही. पाठलाग तोच, तहान तीच, शेवट तोच. तू हसायचीस. “बहिणी असत्या तं एक अकोटले दिली असती, एक मोर्शीले. जग बुडालं तरी आपापल्या सासरीच बुडाल्या असत्या. संगं चालल्या काहून असत्या?” मी म्हणायचो, हा युक्तिवाद नव्हे, ही थट्टा आहे. तू म्हणायचीस, “मंग तुमी युक्तिवाद करा. बहिणी केल्यानं पुस्तकाचा फायदा काय, सांगा.” मी फायदा सांगू शकत नसे. मला पुस्तकाचा फायदा नकोच होता.

कादंबरीत एक विहीर होती. दर्यापूरच्या पुढे, ओस गावाबाहेर. त्या दोघी तेथे पाणी पितात आणि म्हणतात, गोड आहे. तू वाचत होतीस आणि मी तुला तेथेच अडवले. त्या भागात गोडे पाणी नाही, असे सांगितले. तू म्हणालीस, “त्याईले माहीत आहे दादा, खारं आहे ते.” मग गोड का म्हणतात? “पुढचं आयका ना.” मी म्हणालो, पुढचे पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी मी अन्य प्रकरण काढले. तू आग्रह केला नाहीस. तुझा हा स्वभाव मला सोयीचा होता.

आता कुंदाविषयी. ती अंजनगावकडच्या शेतकरी घरातील, महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. पंचवीस वर्षांहून अधिक काळ तुम्ही दोघी अकोल्यास एका घरात राहिलात. माझ्या घरात तिचा उल्लेख ‘त्या बाई’ असा होई. फोन तिने उचलला तर मी म्हणे, चारूला द्या. ती म्हणे, “देते दादा. तब्येत बरी आहे ना तुमची?” मी ‘हो’ म्हणे. तिची विचारीत नसे. ती मला दादा म्हणते याचाही मला राग येई. कोणत्या नात्याने म्हणते, असे मनात येई, आणि उत्तर ठाऊक असल्याने प्रश्न पुढे सरकत नसे.

कादंबरीसाठी आपण तिघे दर्यापूरकडे गेलो होतो ते तुला आठवत असेल. गाडी कुंदाची, चालवतही तीच होती. एका गावात हातपंपाचे पाणी मी तोंडात घेऊन थुंकलो आणि ते किती खारे याचा अंदाज सांगितला. कुंदाने घोटभर पिऊन माझा अंदाज बरोबर असल्याचे सांगितले. पंपावर घागर भरणाऱ्या म्हातारीने विचारले, “हे तुमची बहीन व्हय का?” मी हो म्हणालो. “अन् ह्या बाई?”

मी म्हणालो, “शेजारच्या.”

आपण परतीच्या वाटेला लागलो. मग मागच्या आसनावरून तुझा आवाज आला, “शेजारीनबाई, गाडी जरा हळू घ्या. आमचे दादा घाबरून राहिले.”

“घाबरू द्या,” कुंदा म्हणाली. “शेजाऱ्याईच्या गाडीत बसलं की असंच होते.”

तुम्ही दोघी हसलात. मी खिडकीबाहेरच्या तुरीकडे पाहत राहिलो. तुला राग आला असता तर मी क्षमा मागितली असती, असे मी पुढे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही.

तू गेलीस तेव्हा अग्नी मी दिला. कुंदा बायकांच्याही मागे, फाटकाजवळ उभी होती. तुझ्या महाविद्यालयातील कोणी नवे गृहस्थ तिच्याजवळ गेले आणि त्यांनी विचारले, आपण कोण? ती म्हणाली, “शेजारीन.” वारा माझ्याकडे होता. मला स्वच्छ ऐकू आले. तो टोमणा नव्हता. मी ठरवून दिलेले उत्तर तिने दिले होते.

तेरवी झाल्यावर अमरावतीचे प्रकाशक घरी आले. कादंबरीची पहिली मुद्रिते त्यांच्याबरोबर होती. दुःख व्यक्त करून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

“साहेब, गोष्ट झकास आहे. टँकरवाले, पाठलाग, मारामारी, सारं आहे. फक्त त्या दोघींचं तेवढं... बहिणींचं करून टाकलं तर? शाळा-कॉलेजच्या ग्रंथालयांत जाईन पुस्तक. मॅडमला मी दोन वेळा सुचवलं, त्या आयकत नव्हत्या.”

“मला ठाऊक आहे.”

“आता वारस तं तुमीच. तुमी म्हणान तसं.”

मी ‘पाहतो’ म्हणालो. ‘पाहतो’ या शब्दाचा माझ्या तोंडी काय अर्थ होतो ते तुला माहीत आहे.

काम मी चांगले केले. कामात मी कधी चुकारपणा केलेला नाही. जना जेथे ‘इंदू’ अशी हाक मारते तेथे ‘इंदूताई’ केले. ‘तिची जना’ होते तेथे ‘तिची धाकटी बहीण’. काही परिच्छेद पूर्ण काढावे लागले, कारण बहिणी तसे वागत नाहीत. व्याकरण कोठेही बिघडू दिले नाही. ज्या पानांवर माझी पेन्सिल तू असताना कधी चालली नव्हती त्याच पानांवर ती आता सराईतपणे चालली. त्या पानांतील एकही ओळ मी वाचली असे म्हणता येणार नाही. शोधले आणि बदलले. वाद मी जिंकला होता. प्रतिपक्ष पूर्णेच्या पात्रात विसर्जित झाला होता, आणि ती रक्षाही मीच सोडली होती.

बदल टंकून नवी मुद्रिते आली. त्यांत काही ओळी गळाल्याचे प्रकाशकांच्या लक्षात आले. ताडून पाहण्यास तुझी हस्तलिखित प्रत हवी होती, आणि ती कुंदाजवळ. त्यांनी परस्पर तिला फोन केला. तिने सांगितले, प्रत कोणाच्या हाती देणार नाही, दादांकडे येऊन वाचून देईन.

ती सकाळच्या एस.टी.ने आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत तुझी प्रत. तुझ्या वहिनीने तिला आत नेले, पाणी दिले, दोघी काही वेळ स्वयंपाकघरात बोलत बसल्या. मी बाहेरच्या खोलीत मेजावर मुद्रिते नीट लावत होतो. ती नीटच होती.

दारात सांगता आले असते. चहा घेताना सांगता आले असते. मी म्हणालो, “वाचायला घ्या.”

ती तुझ्यासारखी वाचते. तूच शिकवले असणार. “स्वल्प, पूर्ण, अवतरण सुरू, अवतरण बंद.” आवाज तुझ्यापेक्षा खालचा, परंतु थांबे तेच. पहिल्या काही पानांत एक ओळ दोनदा पडलेली होती. मी ‘थांब’ म्हणालो, तिने मान डोलावली, मी खूण केली. आमचे काम सुरळीत चालले आहे असे कोणासही वाटले असते.

मग ती वाचू लागली, “जना म्हणाली, स्वल्प, अवतरण सुरू, इंदू, स्वल्प, मागं पाहू नको, पूर्ण, अवतरण बंद.”

माझ्या बोटाखाली ‘इंदूताई’ होते. बोट मी पुढे नेले.

पुन्हा आले. पुन्हा नेले. बाबांच्या छापखान्यात असे एकदा घडले असते तर बाबांनी मला बाहेर बसवले असते. तिला माझ्या कागदावरील अक्षरे दिसत नव्हती, केवळ बोट दिसत होते, आणि बोट तिच्या आवाजाबरोबर चालत होते. मनुष्य बोटानेही खोटे बोलू शकतो.

मग ती विहीर आली. तो परिच्छेद मी काढून टाकला होता. माझ्या कागदावर त्या दोघी गावात शिरत आणि पुढच्याच ओळीत गावाबाहेर पडत. कुंदा वाचत होती:

‘जनाने डबा शेंदून वर घेतला. इंदू आधी प्याली. गोड आहे, ती म्हणाली. मग जना प्याली. तीही म्हणाली, गोड आहे. दोघींच्या जिभेवर मीठ चरचरत होते. आधी खोटे कोण बोलली, हे कोणी काढले नाही. जनाने अंगठ्याने इंदूच्या ओठांवरचे मीठ पुसले. इंदूने तो अंगठा मुठीत धरला आणि उजाडेपर्यंत सोडला नाही.’

विरामचिन्हे ती म्हणत होती. मी गाळली आहेत. अर्ध्यावर तिने एक वाक्य पुन्हा घेतले. या सर्व वेळात माझे बोट एका पूर्णविरामावर होते. त्याला जाण्यास जागा नव्हती.

“दादा,” ती म्हणाली, “बोट काहून थांबलं?”

मी कागद तिच्याकडे सरकवला.

तिने ते पान वाचले. मग मागची पाने उलटली, एकेक करून, घाई न करता. एके ठिकाणी तिचे ओठ हलले. “ताई,” ती स्वतःशीच म्हणाली, एखादा परका शब्द उच्चारून पाहावा तशी. मी शिव्यांची तयारी केली होती. तिला शिव्या येतात, तूच सांगितले होतेस.

तिने विचारले, “हे चारूनं पाह्यलं होतं?”

“नाही. ती गेल्यावर केले.”

“मंग ठीक आहे,” ती म्हणाली आणि खुर्चीत मागे टेकली. “मले वाटलं, तिले माहीत होतं.”

चारू, माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी बोल लावले आहेत. वरिष्ठांनी लावले, मुलांनी लावले. परंतु ‘ठीक आहे’ या दोन शब्दांनी जेवढे खाली पाहावयास लावले तेवढे कोणी लावले नव्हते. तिला माझी भीती नव्हती, माझा रागही नव्हता. तुला हे दिसले नाही एवढ्यावर ती सुटकेचा श्वास घेत होती. आणि मी ते तुला दिसणार नाही अशी वेळ पाहूनच केले होते.

तुझी वहिनी चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे पाहून तिने कप ठेवले. “सांगितलं का यांनी?”

“बोटानं सांगितलं,” कुंदा म्हणाली.

“मी तेव्हाच म्हटलं होतं, त्या पोरीच्या मागं असं करू नका. पण हे साहेब! यांना विहिरीचं ऐकू येतं, बाईमाणसाचं नाही.” मग माझ्याकडे वळून, “घ्या आता. चहा तरी गरम आहे.”

मला वाटले, कुंदा उठेल, पिशवी उचलेल, आणि ते योग्य होईल. तिने चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाली, “पेन्सिल नका घेऊ. पेन घ्या. पैल्या पानापासून.”

आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक ठिकाणी मी ‘थांब’ म्हणालो. ती थांबे. मी ‘ताई’ खोडे. ती पुढचे वाचे. दुपारपर्यंत माझा आवाज बसला. जी पाने मी काढली होती ती तिने सांगितली आणि मी समासात, जागा अपुरी पडली तेथे वेगळ्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहून काढली. डबा, मीठ, अंगठा, मूठ. माझे अक्षर तुला माहीत आहे. अहवाल लिहिणाऱ्याचे अक्षर. त्या अक्षरात ते वाक्य लिहीत असता मला समजले की पाण्याविषयी त्यात काहीच चूक नव्हती. पाणी खारेच होते. तू मला हेच सांगत होतीस आणि मी त्या रविवारी फोन ठेवला होता.

कुंदा म्हणाली, “त्या सहलीले, तुमी थुंकलं त्या पंपाचं. मी प्याली ना, तं तिनं मागून विचारलं, कसं आहे. मी म्हटलं, साखर. तीही प्याली. म्हणे, हो, साखर.”

मी तेथेच उभा होतो. पाण्याचा अंदाज बांधत होतो.

दुसऱ्या दिवशी उरलेले झाले. ती रात्री आमच्याकडे राहिली. तुझ्या वहिनीने तिला जाऊ दिले नाही. शेवटच्या प्रकरणात इंदू टँकरवाल्याला औषधाच्या सुईने मारते, त्यावर मी याही वेळी आक्षेप घेतला. ज्या परिचारिकेने पुस्तकभर शत्रूच्या माणसांनाही पट्ट्या बांधल्या ती असे करणार नाही. कुंदा म्हणाली, “चारू म्हणायची, जनाच्या अंगाले हात लावला त्यानं, मंग काय करन ते?” मी म्हणालो, मला पटत नाही. ती म्हणाली, “मलेही नाही पटत. आमची याच्यावरून दोन दिवस बोलाचाली बंद होती.” एकंदरीत या एका मुद्द्यावर तुझ्याविरुद्ध मी एकटा नव्हतो, हे मला आत्ता कळते. तो बदल मी केला नाही. मत मात्र कायम आहे.

प्रकाशकांना मी कळवले आहे की पुस्तक चारूने लिहिले तसेच निघेल, नाही तर परत करावे. आणि यापुढे त्याविषयीचा निर्णय कुंदाने घ्यायचा आहे, माझ्याकडे येऊ नये. ते म्हणाले, विचार करून सांगतो. अद्याप त्यांनी सांगितलेले नाही. नाही म्हणाले तर कुंदा अकोल्यात दुसरा प्रकाशक पाहील, आणि बोट ठेवण्यास कोणी हवे असल्यास मी जाईन.

एक गोष्ट उरली. मुद्रितांच्या आरंभी अर्पणपत्रिकेचे पान आहे. ते कोरे होते. मला वाटले, मजकूर द्यायचा राहिला. सारे आटोपल्यावर मी पेन उचलले आणि कुंदाला म्हणालो, “येथे तुमचे नाव घालतो.”

खरे सांगायचे तर मला बरे वाटत होते. काही भरून देता येईल असे वाटत होते.

“नका घालू,” ती म्हणाली.

“का?”

“तिनं ते पान मुद्दाम कोरं ठेवलं. मी विचारलं होतं. म्हणे, दादाले अमरावतीत चार लोकांत उभं राहा लागते. कोणी विचारलं, या कोन, तं ते काय सांगतीन?” तिने पान माझ्या हातातून घेऊन गठ्ठ्यात ठेवले. “तुमच्यासाठी कोरं ठेवलं ते. आता राहू द्या. तिच्या पुस्तकात तुमी पुन्हा हात घालू नका, दादा.”

मी पेनाला टोपण लावले. तू माझ्यासाठी एवढे केलेस, आणि ते मला न सांगता केलेस. मी तुझ्या मागे काय केले ते वर लिहिले आहे. दोहोंची तुलना मी करत नाही, वाचणारे करतील.

पुस्तक तुझे आहे, म्हणून त्या पानावर मी काही लिहिलेले नाही. हा लेख मात्र माझा आहे. तुझ्या निधनाची बातमी वर्तमानपत्राला मीच लिहून दिली होती: त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय, पुतणे असा परिवार आहे. ते वाक्य चुकीचे आहे. ते मी येथे सुधारतो. छापावयास देण्यापूर्वी कुंदाला फोन केला, सुधारलेले वाक्य वाचून दाखवले आणि लिहू का, असे विचारले. ती म्हणाली, “लिहा. पण नावापुढे श्रीमती-बिमती लावू नका.” मी विचारले, तब्येत कशी आहे? ती म्हणाली, झोप येत नाही.

चारू, तुझ्या पश्चात कुंदा आहे. त्यानंतर आम्ही.